मनोवृत्ती : पाचपैकी तीन

युरोपात संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे बारा वाजलेले असतात. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळाला भारतात सर्व्हर नाही, त्यामुळे रेड (सगळ्यांनी मिळून काढलेली मोहीम) म्हटलं की जागरण आलंच. चाळीस माणसं, ब्लॅकविंग लेअर, तिथला पाचवा बॉस म्हणजे इबनरॉक हा ड्रॅगन. तो मेला आणि ड्रेक फँग टॅलिझमन पडलं, एक प्रकारचा ताईत. अटॅक पॉवर (माराचा जोर) ५६, हिट (नेम लागणं) २ टक्के, डॉज (वार चुकवणं) २ टक्के. मी हंटर आहे, लांबून बाण मारणारी. टॅलिझमन टँकला, म्हणजे पुढे उभं राहून मार खाणाऱ्याला, गेलं.

जाऊ दे, असं मीही म्हटलं असतं. पण त्यानंतर मला समजावण्यात आलं.

आधी थोडा हिशोब. बॉसची लेव्हल ६३ धरतात. त्याच्यावर हंटरचा एकही बाण वाया जाऊ नये म्हणून ९ टक्के हिट लागतं. हंटर ट्रोल जमातीचा आणि हातात धनुष्य, किंवा ड्वार्फ जमातीचा आणि हातात बंदूक असेल तर ६ वर भागतं. ट्रिंकेटच्या, म्हणजे अशा ताईतांच्या, जागा दोनच, आणि या टॅलिझमनमध्ये हिट आणि अटॅक पॉवर दोन्ही एकत्र मिळतात. छुपे वार करणारे ‘रोग’, वॉरियर, हंटर सगळे त्यासाठी जीव टाकतात. टँकचा दावा त्या २ टक्के डॉजवर उभा होता.

आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या टोळीत, लूट कौन्सिल आहे. म्हणजे चार ऑफिसर वेगळ्या चॅनेलवर जातात, कुजबुजतात आणि निकाल घेऊन येतात. त्यातला एक दादा. मूळचा नाशिकचा, आता नेदरलँड्सला असतो, प्रीस्ट (जखमा भरणारा) खेळतो आणि गिल्डची हिशोबाची शीट त्याच्याकडे. बेनेडिक्शन ही प्रीस्टची काठी त्याला कधीच मिळालीय, अंगावरचा झगा पूर्ण आहे. लूटबद्दल दादाइतकं निर्मोही बोलणारा माणूस मी पाहिला नाही.

“अगं, पिक्सेल आहेत ते,” दादा म्हणाला.

“मग ते पिक्सेल मला द्या.”

“तसं नसतं. शीट बघावी लागते.”

शीटमध्ये रकाने होते. हजेरी, माझी त्या टँकपेक्षा जास्त. डॅमेज, वरच्या फळीत. औषधं आणि ताकद वाढवणारे बफ आणते का, हो. शेवटचा रकाना होता ‘मनोवृत्ती’. तिथे मला पाचपैकी तीन.

“तीन का?”

“हे बघ, तू आत्ता विचारतेस ना, तसं.”

“विचारलं म्हणून दोन गुण कापले?”

“नाही, नाही. एकच कापलाय. पाच आम्ही कुणालाच देत नाही.”

“टँकला किती?”

“साडेचार.”

“त्याला अर्धा कसा मिळतो?”

“तो विचारत नाही.”

आता तो कशाला विचारेल? ट्रिंकेट त्याच्या बॅगेत पडलंय. हेही मी बोलून दाखवलं. दादानं दीर्घ श्वास घेतला. माइकमध्ये तो फार मोठा ऐकू येतो. मग त्यानं इबनरॉकची लढाई पहिल्यापासून समजावली, जशी काही मी तिथे नव्हतेच. शॅडो ऑफ इबनरॉक हा शाप टँकवर पडला की आठ सेकंद त्याला बसलेल्या प्रत्येक फटक्याला ड्रॅगनची तब्येत २५,००० नं सुधारते. म्हणून दुसऱ्या टँकनं लगेच टाँट करून (डिवचून) ड्रॅगन आपल्याकडे ओढायचा. “केवढी जबाबदारी!” दादा म्हणाला. कबूल. पण ती दोन-तीन टँक मिळून उचलतात. बाकीच्या टँकांनी काय कौन्सिलात तक्रार करायची?

“हे बघ,” दादा शेवटी म्हणाला, “रेड संपल्यावर शांतपणे बोलू.”

या वाक्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो. आणि तो तांत्रिक अर्थ आहे. पडलेली वस्तू ज्याच्या बॅगेत गेली त्याला ती दोन तास, तिथे हजर असलेल्या कुणालाही देता येते. वस्तूवर माउस नेला की उरलेली वेळ दिसते. तेवढ्यात निकाल फिरला नाही तर वस्तू कायमची त्याची. आणि त्या आठवड्यात क्रोमॅगस या नंतरच्या बॉसच्या वाट्याला टाइम लॅप्स हा श्वास आला होता (दर आठवड्याला पाचांपैकी दोन श्वास बदलून येतात), तेव्हा वाइपवर वाइप (सगळे मेले, पुन्हा पहिल्यापासून). शांतपणे बोलायची वेळ आली तोवर दोन तास उलटून गेले होते.

मधे राहिला फ्लेमगोर. हा पुढचाच ड्रॅगन, इबनरॉकचा भाऊबंद, आणि याला वेड लागलं की आग सगळ्या रेडवर बरसते. ते वेड उतरवणारा ट्रँक्विलायझिंग शॉट फक्त हंटरकडे असतो. हंटरांनी आपसात क्रम लावायचा, पहिल्याचा हुकला तर दुसऱ्यानं तयार राहायचं. डावलल्यानंतर दहा मिनिटांच्या आत मी त्या क्रमात पहिली. “ट्रँक नीट हं,” दादा म्हणाला. मनोवृत्तीचा रकाना हुकलेल्या शॉटसाठीही असतो बहुतेक.

लूट वाटायला डीकेपी बरं, असं जुने लोक सांगतात. ही पद्धत १९९९ मध्ये आलेल्या एव्हरक्वेस्ट या खेळातली, नावच ड्रॅगन मारल्याच्या गुणांचं. हजर राहा, गुण कमवा, वस्तूवर खर्च करा. दोन वर्षं गुण साठवून बसलेला म्हातारा वॉरियर हवं ते उचलतो आणि नवीन माणूस आयुष्यभर मागे. म्हणून मग दर आठवड्याला गुणांत कपात लावतात, की साठेबाजी होऊ नये. बोली ठेवली तर तीन रोग आपसात ठरवून किमान बोलीवर घेतात. ईपीजीपी या पद्धतीत मेहनतीच्या गुणांना मिळालेल्या लुटीच्या गुणांनी भागतात. ज्याचा भागाकार मोठा त्याचा हक्क पहिला. गणित चोख आहे. पण मेहनतीचे गुण किती द्यायचे हे ठरवणार कोण? शीटवाला दादा.

जीडीकेपी तर सरळ लिलाव भिशी. वस्तूवर खेळातल्या सोन्याची बोली लागते, जमलेलं सोनं शेवटपर्यंत थांबलेल्यांत वाटतात. कुणाची मनोवृत्ती बघत नाहीत, एवढंच त्यातलं चांगलं. पण मग लोक खरे पैसे मोजून सोनं विकत घेतात, बॉट (आपोआप खेळणारे प्रोग्रॅम) सोनं खणत बसतात. २०२४ मध्ये ब्लिझर्ड या खेळाच्या कंपनीनं सीझन ऑफ डिस्कव्हरी या आवृत्तीत त्यावर बंदी आणली आणि अ‍ॅनिव्हर्सरी सर्व्हरवरही ती ठेवली. कंपनीचं स्वतःचं धोरणही गमतीचं आहे: २०१८ मध्ये आधुनिक खेळातून मास्टर लूट (एकाच्या हाती वाटप) काढून टाकलं, ज्याला जे पडेल ते त्याचं, २०२२ मध्ये रेडमध्ये पुन्हा फासे आणले.

ईव्ह ऑनलाइन या दुसऱ्या खेळाच्या कंपनीनं तर निवडणुकाच घेतल्या. एका डेव्हलपरनं आपल्याच टोळीला दुर्मीळ ब्लूप्रिंट दिल्याचं २००७ मध्ये उघड झालं, खेळाडू खवळले; २००८ पासून खेळाडूंनी निवडलेलं मंडळ कंपनीशी बोलायला आइसलँडमध्ये रेकियाविकला जातं. मत देता येतं, पाडता येतं. दादाला कोण पाडणार? त्याला निवडलंच नव्हतं कुणी. एक्सेल येतं म्हणून तो ऑफिसर झाला.

मला विचाराल तर सॉफ्ट रिझर्व. रेडआधीच प्रत्येकानं एकेक वस्तू मागून ठेवायची. पडली की मागणाऱ्यांनीच रोल करायचा, म्हणजे १ ते १०० चा फासा टाकायचा. आकडा चॅटमध्ये सगळ्यांसमोर येतो, मर्यादेसकट. कुणी शहाणपणा करून ९० ते १०० असा रोल मारला तर तेही छापून येतं. हरले तर हरले. फासा तासभर समजूत घालत बसत नाही.

गिल्ड सोडायचं म्हटलं तर तिथेही गंमतच. या आठवड्याचं लेअर करून झालंय, बुधवारी सर्व्हर रीसेट होईपर्यंत दुसरीकडे जाऊन उपयोग नाही, आणि ट्रायलवरच्या माणसाला उरलंसुरलंच मिळतं. तरी एका गिल्डचा अर्ज उघडला. पहिलाच प्रश्न : आधीचं गिल्ड का सोडलंत? त्याखाली बारीक अक्षरात : ‘लूट’ हे कारण दिलेले अर्ज वाचले जाणार नाहीत.