सहा मिमीच्या भिंतीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गाडीमागे ओढायच्या ट्रेलरच्या प्लायवूडच्या भिंतींवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: "सहा मिमीची भिंत म्हणजे द्राक्षाचं खोकं. बारा मिमी मरीन (पाण्याला टिकणारा) प्लायच हवा. पासिंग आणि इन्शुरन्सचं काय? काका, स्वतः हात न घालता लोकांना सल्ले देऊ नका."

एक चूक कबूल. आठ बाय चारच्या ६ मिमी शीटचं वजन मी ९ किलो लिहिलं होतं. ते साडेअकरा-बारा किलो भरतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण "स्वतः हात न घालता"? हे कशावरून लिहिलंत? माझे वडील सातपूरला टेम्पोच्या बॉड्या बांधायचे. शाळा सुटली की मी तिथे रिपा, म्हणजे सांगाड्याच्या लाकडी पट्ट्या, धरून उभा असायचो. रंध्याचा भुगा डोक्यात घेऊन जेवायला बसलेला माणूस आहे मी. मतभेद असू द्या, पण अनोळखी माणसाशी असं बोलायची आमच्याकडे रीत नाही.

आणि बारा मिमीचं म्हणाल, तर माझा पहिला ट्रेलर बारा मिमीचाच होता. कसारा घाट चढताना गाडी दुसऱ्या गियरच्या वर जाईना. दोन पावसाळे इगतपुरीकडे काढले आणि एका ऑक्टोबरात मागच्या दाराखालची कड अंगठ्यानं दाबून पाहिली. नख सरळ आत गेलं. आत लाकूड भिजलेल्या खारीसारखं भुसभुशीत झालं होतं. पाणी शिरलं ते कापलेल्या कडेतून आणि स्क्रूच्या भोकांतून. तिथे जाडी काय कामाची? आता प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकात आधी इपॉक्सी (पाणी अडवणारं रसायन) भरतो, मगच स्क्रू पिळतो.

जाडी दुप्पट केली की प्लायचा ताठपणा आठपट होतो, हे मलाही ठाऊक आहे. पण दोन रिपांमधलं अंतर निम्मं केलं, तर मधोमध तेवढाच जोर दिल्यावर होणारा बाकही आठपटीनं कमी होतो. म्हणून ६ मिमी प्लाय, सव्वा फुटावर रिपा, आणि प्लाय रिपेला नुसता ठोकलेला नाही, चिकटवलेला. पाच शीटमागे साठेक किलो वाचतात. लहान गाडीमागे ओढताना ते एका मोठ्या माणसाचं वजन आहे, आणि उतारावर ब्रेकला ते कळतं. ट्रेलरचा तळ मात्र १२ मिमीचाच, हे लेखात पहिल्यापासून आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलंतच नाही, असं दिसतंय.

मरीन हवा, हेही मीच लिहिलंय, आयएस ७१० या मरीन प्लायच्या भारतीय मानकाच्या शिक्क्यासकट. पासिंग, इन्शुरन्स हा या लेखाचा विषय नव्हता.

ट्रेलर माझ्या दारात उभा आहे. दोन रिपांच्या मधोमध गुडघा लावून दाबलेला फोटो आज संध्याकाळी लेखात टाकतो. तुम्ही बांधलेल्या भिंतीचा फोटोही पाठवा. आणि "काका" राहू द्या, "आपण" चालेल.