परदेशातून : तुरुंगाच्या दारात आपली ओळख सांगताना

ऑगस्ट 2025 मध्ये जर्मनीतली एक बातमी नाशिकच्या माझ्या शाळासोबत्यांत बरीच गाजली. द्वेष पसरवल्याबद्दल आणि अन्य गुन्ह्यांसाठी दीड वर्षाची शिक्षा झालेल्या एका अतिउजव्या व्यक्तीने शिक्षा सुनावली गेल्यानंतर सरकारदरबारी आपले लिंग स्त्री असे नोंदवून घेतले. तिला केम्निट्सच्या महिला तुरुंगात हजर होण्याचा हुकूम निघाला आणि ठरलेल्या दिवशी ती फरार झाली. 1 नोव्हेंबर 2024 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, तीन महिने आधी कळवून नोंदणी कार्यालयात निवेदन दिले की अशी नोंद बदलता येते. ‘स्वतः सांगितलेली ओळख तुरुंगाने मानली तर असेच होणार,’ हा आमच्या मंडळींचा निष्कर्ष मला मुळीच पटत नाही.

इथे जर्मनीत, कोठडीबाहेर असलेल्या माणसाला शिक्षा झाली, तर बहुधा घरी पत्र येते : अमुक तारखेपर्यंत अमुक तुरुंगात हजर व्हा, ओळखपत्र सोबत आणा. दंड भरता न आल्याने तुरुंगात जावे लागलेल्या माझ्या परिचयातल्या एका तरुणीच्या कागदांवर अजून पुरुषाचे नाव होते. मिळालेल्या मुदतीत तिने दोन पत्रे लिहिली. एक तुरुंगाला, अंगझडती बाईनेच घ्यावी म्हणून. दुसरे वडिलांना, कारण भेटीला आल्यावर त्यांनी खिडकीवर जुन्या नावाने चौकशी करू नये, असे तिला मनापासून वाटत होते. वर्षानुवर्षे घरात टाळलेली गोष्ट त्या तारखेमुळे तिला बोलावी लागली, आणि आत जाताना निदान आपण कोण याबद्दल तिच्या मनात धास्ती उरली नव्हती.

नाशिकरोडच्या मध्यवर्ती कारागृहात येणाऱ्या किती जणांना अशी मुदत मिळते? 2022 अखेर देशातल्या 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. अटक, कोठडी, न्यायालय आणि मग जेलरोड, एवढ्या घाईत ज्याने घरीही कधी तोंड उघडले नाही, तो दारावरच्या शिपायासमोर काय सांगणार? सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच स्वतः ठरवलेली लिंगओळख मान्य केली. 2019 च्या कायद्याने मात्र तृतीयपंथी म्हणून दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडून घ्यायला लावला, आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा पुरावा मागितला. जानेवारी 2022 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना कळवले, की प्रवेश, वैद्यकीय तपासणी, झडती आणि कपडे या सर्व बाबतींत बंद्याने सांगितलेल्या ओळखीचा मान राखावा, आणि वेगळी सोय म्हणजे एकांतवास होऊ नये. पण ती सूचना आहे. ती पाळली जाते की नाही, हे त्या दिवशी ड्युटीवर कोण आहे यावर ठरते.

महिला बंद्यांच्या सुरक्षेची काळजी खरी आहे आणि ती उडवून लावणाऱ्यांशी माझे जमत नाही. मात्र केम्निट्सच्या तुरुंगातही ती व्यक्ती तिथेच राहील की नाही, हे प्रवेशावेळच्या मुलाखतीनंतरच ठरायचे होते. माणूस पाहून, त्याचा गुन्हा आणि धोका पाहून निर्णय घेता येतो. त्यासाठी सगळ्यांनाच खोटे ठरवावे लागत नाही.

3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला. तुरुंगाने जे विचारायलाच नको होते, ते इतकी वर्षे विचारले गेले. आता जे विचारायला हवे, ते झडतीच्या आधी, आडोशाला, इतर बंद्यांच्या कानावर न जाता विचारले जावे : तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारायची, झडती कोणी घ्यावी, आणि कोणत्या बॅरकमध्ये तुमच्या जिवाला धोका आहे.