बावीस वॉलेट, चौदा महिने, लाल फुली

सकाळी साडेसातला मित्राचा मेसेज. नुसता स्क्रीनशॉट, सोबत एक अक्षर नाही. एअरड्रॉप म्हणजे क्रिप्टो प्रोजेक्ट वापरणाऱ्यांना फुकट वाटतात ते टोकन; कुणाला मिळणार हे सांगणारं चेकरचं पान, त्यावर वॉलेटचा (क्रिप्टो खात्याचा) पत्ता आणि खाली लाल फुली, म्हणजे काही मिळणार नाही. मग दुसरा स्क्रीनशॉट, तिसरा, चौथा. एकूण २२. चौदा महिने या माणसानं २२ वॉलेट सांभाळली. त्याची एक्सेल शीट मी पाहिली आहे. प्रत्येक वॉलेटला एक ओळ, प्रत्येक आठवड्याला एक रकाना, ब्रिज (एका ब्लॉकचेनवरून दुसऱ्या ब्लॉकचेनवर पैसे नेणं) झालं की हिरवा रंग, स्वॅप (एक टोकन देऊन दुसरं घेणं) झालं की पिवळा. आज सगळी शीट लाल.

आणि फीड उघडावं तर पहिलीच पोस्ट काय, ‘या महिन्यात चुकवू नयेत असे १० एअरड्रॉप, खर्च शून्य’. खाली रेफरल लिंक. खर्च शून्य म्हणे!

तर शून्याचा हिशेब आधी करू. २२ वॉलेट, दर महिन्याला प्रत्येकी ८ व्यवहार, १४ महिने. झाले २,४६४ व्यवहार. लेअर २ वर, म्हणजे इथेरियमच्या वर उभ्या असलेल्या नेटवर्कवर, गॅस (व्यवहाराची फी) स्वस्त आहे, सरासरी १५ सेंट धरा, म्हणजे ३७० डॉलरच्या आसपास. ब्रिजनं पैसे आत न्यायचे आणि बाहेर काढायचे, दीड-दीड डॉलर, २२ वॉलेटचे ६६. स्वॅप फुकट होत नाही. प्रत्येक वॉलेटमधून महिन्याला २०० डॉलरची उलाढाल धरली तर एकूण ६१,६०० डॉलर, आणि पूलची (ज्या साठ्यातून टोकन बदलून मिळतात त्याची) फी ०.३ टक्के असेल तर १८५ डॉलर तिथे गेले. स्लिपेज, म्हणजे सौदा होईपर्यंत भाव सरकल्याचं नुकसान, वेगळंच. एकूण सव्वासहाशे. आणि वेळ? वॉलेटमागे महिन्याला फक्त २० मिनिटं धरली तरी १४ महिन्यांचे १०० तासांहून जास्त होतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे तर कोंबडीही आली नाही.

हे वेड आलं कुठून ते सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०२०, युनिस्वॅप, टोकन स्वॅप करायचं ॲप. १ सप्टेंबरपूर्वी एकदा जरी वापरलं असेल तर त्या पत्त्याला ४०० टोकन. त्या दिवसांत हजार डॉलरच्या वर किंमत. पण त्यातली मेख कोणी सांगत नाही. ते मिळणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक स्वॅप करायला गेले होते, स्वॅप करून आले. नंतर बक्षीस मिळालं. ज्या दिवशी लोक बक्षिसासाठी स्वॅप करायला लागले, त्या दिवशी तो खेळ बदलला.

तरी मार्च २०२३ पर्यंत थोडीफार मजा होती. आर्बिट्रम या लेअर २ नं सव्वासहा लाख पत्त्यांना टोकन दिले, कमीत कमी ६२५, जास्तीत जास्त १०,२५०. निकष नीट मांडलेले होते: पैसे ब्रिज केले का, किती वेगवेगळ्या महिन्यांत व्यवहार केले, किती व्यवहार, किती कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवरचे प्रोग्रॅम) वापरले, किती रकमेचे. आणि तिथेच घोळ झाला. ती यादी अख्ख्या जगाची गाइड झाली. माझ्या मित्राच्या शीटमधले रकाने पाहा, आर्बिट्रमच्या निकषांची सरळ नक्कल आहे. पुढच्या प्रोजेक्टनं तेच निकष का लावावेत? आणि यानं जे केलं ते लाखो बॉट करतच होते, न थकता, न झोपता.

मार्च २०२४ मध्ये इथेरियमचं डेन्कुन अपग्रेड आलं आणि लेअर २ चा गॅस काही सेंटवर आला. वापरणाऱ्यांसाठी उत्तम. एअरड्रॉपवाल्यांसाठी मात्र यानं कुंपणच काढून टाकलं. आधी शंभर वॉलेट चालवायला दम लागायचा, कारण गॅस महाग होता. आता हजार वॉलेटही स्वस्तात चालतात. म्हणजे ‘गॅस स्वस्त झाला, आता फार्मिंग (एअरड्रॉपसाठी व्यवहार करत राहणं) परवडेल’ असं म्हणणाऱ्याला कळतच नाही की ते सगळ्यांनाच परवडतंय, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतंय.

मग आले पॉइंट्स, पुढे टोकन मिळेल या आशेवर जमवायचे गुण. लोकांचं इथर ठेवून घेणाऱ्या आयगनलेअरचं सूत्र लक्षात आहे ना? १ इथर (इथेरियमचं चलन) १ तास ठेवलं की १ पॉइंट. किती सरळ! इतकं सरळ की ०.०३ इथर ठेवणाऱ्याला एका पॉइंटसाठी ३३ तास लागतात आणि ३०० इथरवाला तासाला ३०० घेतो. ‘लॉयल्टी’, ‘कम्युनिटी’ वगैरे शब्दांखाली गणित एवढंच आहे, भांडवल गुणिले वेळ. वर, पॉइंट जमवून झाल्यावर एप्रिल २०२४ च्या शेवटी कळलं की अमेरिका, कॅनडा, चीन अशा कितीतरी ठिकाणच्या लोकांना क्लेमच करता (टोकन ताब्यात घेता) येणार नाही. पैसे ठेवून घेताना कुणी विचारलं नव्हतं की बाबा तू राहतोस कुठे. ज्यांना मिळालं त्यांनाही ते टोकन १ ऑक्टोबरपर्यंत हलवता येईनात.

निकष नंतर ठरतात, ही या सगळ्यातली खरी बदमाशी आहे. स्टार्कनेट या लेअर २ चं उदाहरण घ्या. स्नॅपशॉटच्या दिवशी, म्हणजे पात्रतेसाठी नोंद घेतली त्या दिवशी, वॉलेटमध्ये ०.००५ इथर शिल्लक हवं होतं. महिनोन्‌महिने वापर केलेला असो, त्या एका दिवशी खिशात तेवढं नसेल तर नाव कापलं. तुमचं काम पूर्ण झाल्यावर मालक ठरवणार की पगार कशाचा द्यायचा. याला आपण दुसऱ्या कुठल्याही धंद्यात काय म्हटलं असतं?

हो, हो, हायपरलिक्विड, ते पर्प एक्स्चेंज (मुदत नसलेल्या वायद्यांचा बाजार). कॉमेंटमध्ये येणारच आहे म्हणून आधीच सांगतो. नोव्हेंबर २०२४, ३१ कोटी टोकन, साधारण ९४ हजार पत्ते, गुंतवणूकदार फंडांना एक टोकन नाही, आणि भाव नंतर वर गेला. मान्य. चांगलं झालं. पण ते तिथे ट्रेडिंग करणाऱ्यांना मिळालं, फी भरून, बरेचदा तोटा खाऊन. ते पाहून आता प्रत्येक नव्या पर्प एक्स्चेंजवर लोक स्वतःशीच उलटसुलट सौदे करून व्हॉल्यूम (उलाढाल) वाढवतायत. ०.०५ टक्के फी धरली तर १ लाख डॉलरच्या व्हॉल्यूमला ५० डॉलर जातात. दहा लाखांना ५००. फंडिंग (सौदा चालू ठेवताना दोन बाजूंमध्ये होणारी देणीघेणी) आणि लिक्विडेशनचा (तोटा वाढला की सौदा जबरदस्तीनं बंद होण्याचा) धोका सोडूनच द्या. समोरून काय मिळणार, कधी मिळणार, मिळणार का, काही माहीत नाही.

आता मित्राच्या २२ वॉलेटचं नक्की काय चुकलं ते सांगतो, कारण तो सकाळपासून ‘माझं नशीबच खराब’ म्हणतोय आणि मला ते ऐकवत नाही. नशीब नाही रे. तू पाटी लावून बसला होतास.

एक्स्चेंजमधून ०.७ इथर काढलं, ते गेलं त्याच्या जुन्या मुख्य वॉलेटमध्ये. तिथून एका संध्याकाळी, चाळीस मिनिटांत, २२ पत्त्यांना प्रत्येकी ०.०३. ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे सगळे व्यवहार उघड दाखवणाऱ्या साइटवर, हे चित्र चांदणीसारखं दिसतं, मध्ये एक ठिपका आणि २२ रेघा. मग दर आठवड्याला त्याच वारी, त्याच क्रमानं तेच कॉन्ट्रॅक्ट: ब्रिज, स्वॅप, लेंडिंग, पुन्हा स्वॅप. पहिल्या वॉलेटनंतर सहा मिनिटांनी दुसरं, बारा मिनिटांनी तिसरं. आणि शेवटी चार वॉलेटमधले पैसे परत नेले ते एक्स्चेंजच्या एकाच डिपॉझिट ॲड्रेसवर. तो ॲड्रेस एक्स्चेंज तुमच्या खात्यासाठी देतं. तिथे वेगवेगळ्या वॉलेटमधून पैसे पाठवणं म्हणजे ‘हे सगळे मीच आहे’ असं सही करून लिहून देणं. सिबिल (अनेक वॉलेट चालवून अनेक माणसं असल्याचं भासवणारा) शोधणाऱ्यांना यात काही अक्कल लढवावी लागत नाही. निधी कुठून आला, क्रम काय, वेळ काय, पैसे कुठे गेले, एवढ्यावर पत्त्यांचे गट पडतात. ऑप्टिमिझम या लेअर २ नं २०२२ मध्ये पहिल्याच वाटपात १७ हजार पत्ते कापले होते.

आणि यातलं सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं जुनं मुख्य वॉलेटही कापलं गेलं. ते खरं होतं. त्यातून तो मनापासून ते ॲप वापरायचा, फार्मिंग सुरू करायच्या आधीपासून. पण पैसे तिथूनच वाटले गेले, त्यामुळे तेच चांदणीतला मधला ठिपका. बावीस खोट्यांनी एका खऱ्याला बुडवलं.

‘मग वेगळ्या मार्गानं पैसे भरले असते तर?’ असं विचारणारे आहेत. नियमानुसार ती लबाडीच, हा भाग झालाच. पण ती लबाडी पोटापाण्याचा धंदा म्हणून करणारे लोक आहेत, त्यांच्याकडे स्क्रिप्ट आहेत, प्रॉक्सी आहेत, शेकडो-हजारो वॉलेट आहेत. तुम्ही संध्याकाळी जेवण झाल्यावर एक्सेल उघडून त्यांच्याशी शर्यत लावणार? वेगवेगळ्या ब्लॉकचेन जोडणाऱ्या लेअरझीरोनं २०२४ मध्ये तर उघड सांगितलं, सिबिल असाल तर स्वतःहून कबूल करा, १५ टक्के देऊ. नाहीतर दुसऱ्यांनी तुम्हाला पकडून दिलं तर १० टक्के त्यांना. लोकांनी एकमेकांची वॉलेट खोदून काढली. एवढं होऊन क्लेम करताना प्रत्येक टोकनमागे १० सेंट देणगी भरायला लावली ती निराळीच. झेडकेसिंक या लेअर २ च्या वेळी चाळणी सैल होती आणि बऱ्याच बहुवॉलेटवाल्यांचं फावलं, तेही खरं. म्हणजे कुणाची चाळणी कशी असेल याचाच जुगार.

थांबा. हे लिहितानाच त्याचा मेसेज आला. ‘अपील फॉर्म आलाय. वॉलेट कनेक्ट करून सही करायला सांगतायत. भरू?’

लिंक पाहिली. डोमेनमध्ये एक जादा आडवी रेघ आहे. खोटी आहे. दुष्काळात तेरावा महिना यालाच म्हणतात.

राग गेला माझा, आता नुसती काळजी वाटतेय. तर बाकी पोस्ट नाही वाचली तरी चालेल, हे वाचा. नुसतं वॉलेट कनेक्ट केल्यानं समोरच्याला तुमचा पत्ता आणि शिल्लक दिसते, पैसे जात नाहीत. पैसे जातात ते सहीनं. ‘ॲप्रूव्ह’ म्हणजे अमुक कॉन्ट्रॅक्टला माझं अमुक टोकन उचलायची परवानगी, आणि बरेचदा रकमेला मर्यादा नसते. ‘सेटॲप्रूव्हलफॉरऑल’ म्हणजे त्या संग्रहातले सगळे एनएफटी. आणि ‘परमिट’ सगळ्यात घातक, कारण त्याला गॅस लागत नाही. नुसता मजकूर आहे असं वाटतं, माणूस बेफिकीर सही करतो आणि चोर ती सही नंतर सवडीनं वापरतो. न वापरलेली परमिट एक्सप्लोररवर दिसतही नाही. इथेरियमच्या मे २०२५ च्या पेक्ट्रा अपग्रेडनंतर अजून एक भर पडली. आता तुमचा साधा पत्ता एखाद्या कॉन्ट्रॅक्टच्या ताब्यात देणारी सहीही असते. तशी विनंती अनोळखी साइटवरून आली तर पान बंद करा, विचार करत बसू नका.

खरा क्लेम असेल तर आधी त्या वॉलेटमधलं बाकी सगळं दुसऱ्या पत्त्यावर हलवा, फक्त गॅसपुरतं ठेवा, मग क्लेम करा. लिंक प्रोजेक्टच्या डॉक्युमेंटेशनमधून घ्या. सर्चमधल्या जाहिरातीतून नको, कॉमेंटमधून तर मुळीच नको. पहिल्या तासाची घाई असेल तर व्यवहार अडकतात, फेल होतात, फेल झालेल्याचाही गॅस जातो. विकायचं की ठेवायचं ते क्लेमच्या आधी ठरवा, कारण त्या दिवशी तुमच्यासारखे लाखो विकायला उभे असतात. आणि अनेक देशांत टोकन हातात आलं त्या क्षणीच्या भावानं उत्पन्न धरतात. ५०० डॉलरला क्लेम केलं, महिन्यानं २०० उरले, तरी कर ५०० वर बसू शकतो. वॉलेटमध्ये न मागता आलेल्या अनोळखी टोकनला हात लावू नका, विकायचा प्रयत्नसुद्धा नको.

माझं मत विचाराल तर, छोट्या भांडवलाच्या माणसानं एअरड्रॉपसाठी म्हणून आता काही करू नये. जे ॲप तसंही वापरणार आहात ते एकाच वॉलेटनं वापरा, त्या वॉलेटमध्ये थोडी शिल्लक कायम ठेवा, आलं तर आलं. नवीन शिकण्यासाठी टेस्टनेटवर (खोट्या पैशांच्या सराव नेटवर्कवर) खेळत असाल तर जरूर खेळा, त्यातून कॉन्ट्रॅक्ट, गॅस, ब्रिज हे डोक्यात बसतं. टेलिग्रामवर ‘हॅमस्टर कॉम्बॅट’ या गेममध्ये टोकनच्या आशेनं हॅमस्टरला महिनोन्‌महिने टिचक्या मारणाऱ्यांना तर ना शिक्षण मिळालं ना पैसा, सप्टेंबर २०२४ मध्ये बहुतेकांच्या हातात चिल्लर आली.

मित्राचा पुन्हा मेसेज. त्यानं माझ्या उत्तराची वाट न बघता एका वॉलेटवर सही केली होती. त्यात उरलेलं आधी दुसरीकडे हलव, रिव्होकचं (दिलेली परवानगी काढण्याचं) नंतर बघू, असं कळवलं. हललं, नशीब. आता बाकीची वॉलेट तपासतोय. रिकामी आहेत ती तशीच सोडून दे म्हटलं. नऊमध्ये काहीबाही उरलंय, त्यांच्या जुन्या परवानग्या काढायला बसवलाय. प्रत्येक रिव्होकला गॅस लागतो आणि पाच वॉलेटमध्ये तेवढाही शिल्लक नाही. तिथे आधी गॅस पाठवावा लागतोय, परत त्याच मुख्य वॉलेटमधून.