मधल्या सीटचा बेल्ट मी पुन्हा ओढून बघेन

नमस्कार,

जुनी सेव्हन सीटर घेण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं असं, की पाण्यात बुडालेल्या गाड्यांबद्दल मी लोकांना उगाच घाबरवते. टूरिस्ट परमिटच्या गाड्या सरसकट नको म्हणून मी त्या चालवणाऱ्यांवर अन्याय केला. आणि तुमच्या भावाने मिस्त्री न नेता, मालकी बदलाच्या २९-३० नंबरच्या फॉर्मवर सह्या घेऊन इनोव्हा आणली, ती दोन वर्षं बिनतक्रार चालते आहे. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीवर, नाव काय, सावकाश चढवता येईल, असंही तुम्ही म्हणता.

टूरिस्ट गाड्यांचं तुमचं म्हणणं मला पटलं. ज्याचं पोट गाडीवर आहे तो ऑइल वेळेवर बदलतो. रोज बोरिवली ते अंधेरी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडणाऱ्या घरच्या गाडीपेक्षा हायवेला धावलेल्या गाडीचा क्लच बरा निघू शकतो. मी सरसकट लिहायला नको होतं. एवढंच बघा, की परमिट सरेंडर झालंय, टॅक्सचा फरक भरलाय आणि आरसीवर गाडी खासगी म्हणून चढली आहे. ते होईपर्यंत पूर्ण पैसे हातात देऊ नका.

घाबरवण्याबद्दल मात्र मी मागे हटणार नाही.

आम्ही चेंबूरला एक अर्टिगा बघायला गेलो होतो. माणसं सज्जन, चहा झाला, गाडी चकाचक, आत छान वास. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना मधल्या सीटवर बसवून पाहिलं. त्यांना बेल्ट लावताना तो मी शेवटपर्यंत ओढला. एरवी आतच गुंडाळलेला राहतो तो शेवटचा हातभर पट्टा बाहेर आला आणि त्यावर आडवी तपकिरी रेघ दिसली. बोट फिरवलं तर कचकच लागली, वाळूसारखी. मिस्त्रीने कार्पेटचा कोपरा उचलला; खालचा फोम दमट, सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले. मालक म्हणाले, धुताना पाणी गेलं असेल. धुतल्याने बेल्टच्या गुंडाळीत गाळ जात नाही हो, गाडी साचलेल्या पाण्यात बुडाली की जातो.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो सगळ्यांच्या लक्षात आहे. पण गाडीची वाट लागायला एवढा पाऊस लागत नाही. मुंबईत हिंदमाताला किंवा मिलन सबवेत गुडघाभर पाणी साचलं की ते दारातून आत येतं. वायरिंगचे जोड कार्पेटखाली असतात, ते हळूहळू गंजत जातात. गाडी घेतली त्या महिन्यात काहीच होत नाही. मग एके दिवशी घाटात एअरबॅगचा दिवा लागतो, आणि मागच्या सीटवर मुलं झोपलेली असतात. सात माणसं बसवायची म्हणून आपण ही गाडी घेतो ना? मग दहा मिनिटं वाकून बघण्यात कसली आली भीती!

आता तुमच्या भावाबद्दल, आणि हे मी काळजीने लिहिते आहे. दोन वर्षं गाडी नीट चालली, आनंदच आहे. पण नाव अजून जुन्या मालकाचंच आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय, की गाडी विकली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याची. म्हणजे गाडी तुमचा भाऊ चालवतो आणि टांगती तलवार त्या बिचाऱ्या विकणाऱ्यावर. आणि भावाच्या गाडीचं नुकसान झालं तर विम्याचा क्लेम त्याच्या नावाने मिळणं मुश्किल, कारण पॉलिसीही त्याच्या नावावर नाही. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूटही, गाडीबरोबर येत नाही, तो माणसाचा असतो.

गणपतीला तुम्ही सगळे त्याच गाडीने कोकणात जाता असं लिहिलंय. त्याआधी सरकारच्या एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाका. फायनान्सच्या रकान्यात बँकेचं नाव दिसलं तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा ३५ नंबरचा फॉर्म लागेल, आणि त्यासाठी जुन्या मालकाला गाठावंच लागेल. तो फोन उचलतो आहे तोवर हे करून घ्या.

परमिटचा परिच्छेद मी आज रात्री बदलते. भावाचं नाव आरसीवर चढलं की दोन ओळी नक्की लिहा, मी वाट बघेन.