तक्रार क्रमांक 9061837

मोठी संख्या दिसली की तिला कशानं भाग जातो हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. गाड्यांचे नंबर, पावत्या, ओटीपी, काही सुटत नाही. (ओटीपी तेवढ्यात बाद होतो, तो वेगळा विषय.)

इंटरनेट बंद पडलं, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला 9061837. चौकशीला फोन लावला तर ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ आणि मागोमाग संगीत. समोर सात अंकी संख्या, हातात पेन. व्हायचं तेच झालं.

शेवटी 7, म्हणजे 2 आणि 5 बाद. अंकांची बेरीज 34, तेव्हा 3 ही बाद. 7, 11 आणि 13 या तिघांचा निकाल एका दमात लागतो, कारण त्यांचा गुणाकार 1001. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे (आपले लाख-कोटीचे स्वल्पविराम इथे नडतात) आणि आळीपाळीनं वजा-अधिक करायचं: 837 − 61 + 9 = 785. 785 ला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही, म्हणजे 9061837 लाही नाही. सातानं तर बाकी 1 ठेवून चिडवलंच.

इथवर मजा असते. 17 पासून पुढे नुसती हमाली. वर्गमूळ 3010 च्या जरासं पुढे, आणि भाग जायचाच असेल तर तिथवरच्या एखाद्या मूळ संख्येनं जातोच; म्हणजे ‘ही मूळ संख्या आहे’ असं छातीठोकपणे म्हणायला चारशेहून जास्त मूळ संख्यांनी भागून पाहायला हवं. 19, 23, 29... संगीत तेच.

आणि 97 नं भाग गेला! शंभराच्या आतली अगदी शेवटची मूळ संख्या. उरले 93421, म्हणजे 103 गुणिले 907. हे तीन आकडे आधी दिले असते तर गुणाकार मिनिटभराचा. उलट यायचं तर दमछाक. इंटरनेटवरची गुपितं सांभाळणारं आरएसए नावाचं कुलूप याच दमछाकीवर चालतं. तिथल्या संख्या मात्र शेकडो अंकी.

तेवढ्यात फोनवर बाई आल्या. “सर, लाइनमध्ये फॉल्ट आहे एवढं दिसतंय. कुठे आहे ते सांगता येत नाही.”

“म्हणजे ल्युकासारखं!” मी म्हणालो. आणि सांगूनच टाकलं. मी त्यांचं संगीत ऐकलंच होतं की. 2 चा 67 वा घात वजा 1, ही 21 अंकी संख्या मर्सेन या फ्रेंच गणितज्ञानं 1644 मध्ये मूळ म्हणून यादीत घातली. 1876 मध्ये ल्युका या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञानं ती मूळ नाही हे सिद्ध केलं, पण अवयव एकही हाती लागला नाही.

“मग सापडले का, सर?”

“1903 मध्ये, कोल नावाच्या अमेरिकन गणितज्ञाला. भर सभेत, तोंडातून शब्द न काढता फळ्यावर गुणाकार करून दाखवला त्यानं.”

“म्हणजे सत्तावीस वर्षं.” बाईंची वजाबाकी पक्की होती. “आमची इतकी नाही लागणार, सर. ही तक्रार बंद करून नवी नोंदवते. नंबर लिहून घ्या.”

नवा क्रमांक शून्यावर संपत होता. आता पुढच्या खेपेला फोन धरून बसायचं ते कशाच्या आधारावर?