बॅच टेस्टिंगबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही दोन स्टार दिलेत. बॅच टेस्टिंग, म्हणजे रायफलच्या बॅरलला (नळीला) कुठल्या बॅचच्या पेलेट्स (शिशाचे छर्रे) जुळतात ते मारून बघणं, हे नुसतं फॅड आहे, त्याचे पैसे वाया गेले, मैत्रिणीच्या पेलेट्स मागूनही तुमच्या मुलीला दिल्या नाहीत, उघडलेल्या डब्या परत घेतल्या नाहीत आणि एवढं करून स्कोअर होता तिथेच राहिला, असं तुमचं म्हणणं. राग समजतो. एअर रायफलचा खर्च घराला किती जड जातो ते काउंटरमागून रोज दिसतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मैत्रिणीच्या पेलेट्सचं. कंपनी तीच, रायफलचं मॉडेल तेच, डबीवर हेड साइजही (पेलेटच्या पुढच्या भागाचा व्यास) तोच, ४.५० मिमी. पण दोन बॅरल आतून तंतोतंत सारखी नसतात, आणि एकाच कंपनीच्या दोन बॅचही नसतात. तुमच्यासमोरच मुलीची रायफल क्लॅम्पमध्ये आवळून मैत्रिणीची ती बॅच मारली होती. दहा शॉट्सचा तो कागद आठवा, ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, आडवा पसरला होता. त्याच बॅरलमधून ४.४९ च्या एका बॅचने दहाही पेलेट्स जवळपास एकाच भोकात घातल्या. मैत्रिणीच्या बॅचच्या डब्या शिल्लक होत्या, विकणं सोपं होतं. पण तो कागद पाहिल्यावर मी ती बॅच तुमच्या मुलीला देणार नाही, आजही नाही.

हे फॅड नाही. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटरमध्ये कांस्य मिळवलं, त्या पॉइंट टू टू रायफलच्या गोळ्यांचीही बॅच अशीच बॅरलप्रमाणे निवडावी लागते.

आता स्कोअर. क्लॅम्पमध्ये ना श्वास असतो, ना ट्रिगरवरचं बोट. तिथे जे पसरतं ते रायफल आणि पेलेटचं. दहा मीटरच्या टार्गेटवर दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो. नेम अगदी मधोमध असूनही पेलेट अर्धा मिमी सरकली तर १०.८, दीड मिमी सरकली तर १०.४. साठ शॉट्सच्या मॅचमध्ये हे दशांश साचत जातात, आणि टेस्टिंग तेवढेच वाचवतं. आठच्या घरात गेलेला शॉट मध्यापासून पाच मिमीहून लांब असतो. ठीकठाक रायफलमध्ये इतका फरक पेलेटमुळे पडत नाही, तो पोझिशनचा (उभं राहण्याच्या, रायफल धरण्याच्या पद्धतीचा) किंवा ट्रिगर दाबण्याचा असतो. मुलीचे आकडे मी इथे लिहिणार नाही, ती लहान आहे. शॉटनिहाय प्रिंट तिच्या कोचसोबत बसून बघा. मेहनती पोरगी आहे, तिला पेलेट बदलून देत राहण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल.

उघडलेली डबी आम्ही कुणाचीच परत घेत नाही. पेलेटचा मागचा स्कर्ट पातळ शिशाचा असतो, डबी खाली पडली तरी तो चेपतो आणि नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. अशी डबी दुसऱ्या मुलाला कशी विकू?

तुमचे सगळे कागद बॅच नंबर आणि तारखेसकट फाइलला आहेत. रायफल घेऊन या, दोन्ही बॅच पुन्हा मारून बघू, पैसे घेणार नाही. बॅरल नुकतंच साफ केलं असेल तर आधी रेंजवर थोड्या पेलेट्स मारून आणा, कारण साफ केल्यावरचे पहिले शॉट भरकटतात. आणि रायफलचा हवेचा सिलिंडर भरलेला असू द्या.