ऑरेंज काउंटी खैरातीने बुडाली नव्हती

गेल्या आठवड्यात सांगलीहून मामांनी व्हॉट्सॲपवर एक मजकूर पाठवला आणि खाली लिहिले, "अरे, हे तुझ्याच गावचं आहे ना? वाच जरा." मजकुराचा सारांश असा : अमेरिकेतील अतिशय श्रीमंत अशी ऑरेंज काउंटी १९९४ साली दिवाळखोरीत गेली, कारण तिने गरिबांना भत्ते आणि फुकट दवाखाने वाटून तिजोरी रिकामी केली, उरलेसुरले खजिनदाराने खाल्ले, त्यानंतर शाळा आणि पोलीस ठाणी बंद पडली, वॉशिंग्टनच्या सरकारला पैसे ओतून काउंटी वाचवावी लागली आणि शेवटी नागरिकांवर जबर कर बसवून भरपाई करण्यात आली. सर्वांत खाली ठळक अक्षरांत तात्पर्य होते, "खर्च कापा, पैसा कामाला लावा."

मी २००३पासून कॅलिफोर्नियातल्या या काउंटीत राहतो, आणि असले मजकूर एरवी न वाचता पुसून टाकतो. पण मामा त्यांच्या गृहनिर्माण सोसायटीचे खजिनदार आहेत, आणि सोसायटीचा सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेला पैसा, बँकेतल्या मुदत ठेवीतून काढून दोन टक्के जास्त देणाऱ्या एका योजनेत गुंतवण्याचा प्रस्ताव त्यांच्या येत्या सभेपुढे आहे. त्या प्रस्तावाला आधार म्हणून हाच मजकूर सोसायटीच्या गटावर फिरतो आहे हे कळल्यावर गप्प बसवेना. ज्या घटनेतून "ठेवीच्या पैशाशी असे खेळू नका" एवढेच शिकायचे, तिच्यातून नेमका उलटा धडा काढला जातो आहे.

मजकूर लिहिणाऱ्याला एक प्राथमिक फरकच ठाऊक नाही, आणि तो समजल्याशिवाय पुढचे काहीही समजणार नाही. काउंटीचे अंदाजपत्रक ही एक गोष्ट आणि काउंटीच्या खजिन्यात ठेवलेला पैसा ही दुसरी. आपल्याकडची जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कचेरी यांचे एकत्र मिश्रण केल्यावर जे होईल, साधारण तशी कॅलिफोर्नियातील काउंटी असते. पाच निवडून आलेले पर्यवेक्षक १ जुलैपासून सुरू होणाऱ्या वर्षाचे अंदाजपत्रक मंजूर करतात आणि त्यात तुरुंग, सरकारी वकील, सार्वजनिक आरोग्य, समाजकल्याण असे खर्च असतात. खजिनदार मात्र वेगळा निवडून येतो, आणि त्याच्याकडे केवळ काउंटीचा पैसा नसतो. शाळा जिल्हे (सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्था), पाणीपुरवठा आणि सांडपाणी संस्था, अनेक नगरे यांचाही पैसा असतो. माझ्या घरपट्टीचा पहिला हप्ता १० डिसेंबरपर्यंत आणि दुसरा १० एप्रिलपर्यंत भरावा लागतो, शिक्षकांचे पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. मधल्या काळात जो पैसा पडून राहतो तो खजिनदार एकत्रित निधीत गुंतवतो. १९९४ साली बुडाला तो हा निधी. अंदाजपत्रकातील खर्चाच्या बाजूला, म्हणजे मजकुरातील "खैराती"ला, त्यात हातच लावायला जागा नव्हती.

आता त्या "खैराती"कडेच वळू, कारण सर्वांत हास्यास्पद आणि सर्वांत घातक मुद्दा तोच आहे. कॅलिफोर्नियात गरिबांसाठीच्या बहुतेक योजना काउंटी राबवते हे खरे, पण त्यांचे नियम राज्य आणि केंद्र ठरवतात आणि त्यांचा मोठा खर्चही तिकडूनच येतो. त्यातही त्या काळची ऑरेंज काउंटी म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा बालेकिल्ला, कमी कर आणि आटोपशीर सरकार यांचा अभिमान बाळगणारी. अशी काउंटी दानधर्मात धुऊन निघाली असे म्हणणे म्हणजे एखाद्या कंजूष सावकाराचे दिवाळे अन्नछत्र घातल्यामुळे निघाले असे सांगण्यासारखे आहे.

प्रत्यक्षात घडले ते असे. खजिनदार रॉबर्ट सिट्रन हे १९७० साली प्रथम निवडून आले आणि पुढे जवळजवळ पाव शतक त्या पदावर राहिले. ठेवीदार संस्थांचे सुमारे ७५० कोटी डॉलर त्यांच्या हाती होते. हातातले सरकारी रोखे तारण ठेवून ते वॉल स्ट्रीटच्या पेढ्यांकडून अल्पमुदतीचे कर्ज घेत, त्या कर्जातून लांब मुदतीचे रोखे घेत, तेही पुन्हा तारण ठेवत. असे करत करत निधीचा पसारा २,०६० कोटी डॉलरच्या घरात गेला. कर्जाचा व्याजदर कमी आणि रोख्यांचा जास्त, तोपर्यंत मधला फरक हाती पडत होता. शिवाय बाजारातील दर वाढले की ज्यांचे व्याज उलट कमी होते अशा गुंतागुंतीच्या रोख्यांतही बराच पैसा घातलेला होता. एकंदरीत सगळी भिस्त एकाच गोष्टीवर होती : व्याजदर चढणार नाहीत.

४ फेब्रुवारी १९९४ला फेडरल रिझर्व्हने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, व्याजदर वाढवला. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सहा वेळा वाढवून तो ३ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर नेला. दर चढले की नवे रोखे जास्त व्याज देतात आणि जुन्या रोख्यांच्या किमती उतरतात, हे मामांना सांगायला नको. पण कर्ज काढून घेतलेले रोखे असतील तर काय होते, ते सोसायटीच्या सभेला समजेल अशा आकड्यांत मांडतो. तुमचे स्वतःचे १ लाख रुपये आहेत, त्यावर तुम्ही १ लाख ७५ हजारांचे कर्ज काढले आणि सगळ्या २ लाख ७५ हजारांचे रोखे घेतले. रोख्यांची किंमत शेकडा फक्त ८ने घसरली, म्हणजे २२ हजार गेले. पण ते कर्जाच्या पैशातून जात नाहीत, तुमच्या मुद्दलातून जातात. शेकडा ८ची घसरण तुमच्यापुरती शेकडा २२ची झाली. ऑरेंज काउंटीचे प्रमाण जवळजवळ नेमके हेच होते : तोटा १६४ कोटी डॉलर, ठेवीदारांचे मुद्दल ७५० कोटी. १ डिसेंबरला काउंटीने तोटा जाहीर केला, ४ तारखेला सिट्रन यांनी राजीनामा दिला, कर्ज देणाऱ्या पेढ्यांनी मुदत वाढवून देण्याऐवजी तारण विकायला काढले आणि ६ डिसेंबरला काउंटीने दिवाळखोरी कायद्याच्या, स्थानिक संस्थांसाठी असलेल्या नवव्या प्रकरणाखाली न्यायालयात अर्ज केला. या साखळीत एकही भत्ता, एकही फुकट दवाखाना कुठे आला ते मजकूरकर्त्याने दाखवावे.

हा जुगार सुरू कसा झाला आणि त्याला कोणी अडवले का नाही, याचे उत्तर मार्क बाल्डासारे यांनी पब्लिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ऑफ कॅलिफोर्निया या संस्थेसाठी केलेल्या, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिळते, आणि ज्याला या विषयावर बोलायचे आहे त्याने निदान तेवढे तरी वाचावे. त्यांनी तीन कारणे दिली आहेत : स्थानिक सत्तेचे तुकडे, मतदारांचा सरकारवरील अविश्वास आणि राज्याने आवळलेला हात. तिसरे कारण आपल्या वाचकांना थोडे उलगडून सांगावे लागेल. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर करून घरपट्टी मालमत्तेच्या मूल्याच्या १ टक्क्यावर बांधून टाकली आणि ते मूल्यही वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येणार नाही असे ठरवले. मालमत्तेची मालकी बदलली किंवा नवे बांधकाम झाले तरच नवे मूल्य लागते. माझ्या बिलावर आजही १ टक्क्याची ती ओळ सर्वांत वर असते. पुढे १९९२ आणि १९९३ साली राज्याने आपली तूट भरण्यासाठी काउंट्यांच्या घरपट्टीचा काही हिस्सा शाळांकडे वळवला. कर वाढवता येत नाही, सेवा कमी केलेल्या मतदारांना खपत नाहीत, राज्य देत तर नाहीच, उलट काढून घेते. अशा वेळी खजिनदार व्याजातून पैसा आणून देतो म्हटल्यावर पर्यवेक्षकांना तो देवमाणूसच वाटणार. काही शाळा जिल्ह्यांना तर तो परतावा इतका भुलवून गेला की त्यांनी स्वतः कर्ज काढून पैसे त्याच्याकडे आणून ठेवले. मजकुराचे तात्पर्य पुन्हा वाचावे : "खर्च कापा, पैसा कामाला लावा." नेमके तेच तर चालले होते.

कोणी सावध केले नाही असेही नाही. जून १९९४च्या निवडणुकीत जॉन मूरलाक नावाच्या हिशेबनीसाने सिट्रन यांच्याविरुद्ध उभे राहून हा निधी कर्जावर फुगवलेला आहे आणि दर चढल्यास तो बुडेल, असे जाहीरपणे सांगितले. मतदारांनी त्यांना पाडले. दुसऱ्या बाजूला, व्याजदरांच्या अंदाजासाठी सिट्रन टपालाने सल्ला देणाऱ्या एका ज्योतिषाचा आणि एका भविष्यवेत्त्या बाईंचा आधार घेत होते, हे पुढे ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे चौकशीसाठी नेमलेल्या नागरिकांच्या मंडळासमोर, उघड झाले. पत्रिका पाहणे ही आपलीच मक्तेदारी आहे असे समजणाऱ्यांसाठी एवढी नोंद करून पुढे जातो.

खजिनदाराने पैसे खाल्ले, हा दुसरा मुद्दा. इथे अर्धे सत्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. सिट्रन यांनी १९९५ साली सहा गुन्हे कबूल केले, त्यांना एक वर्षाची शिक्षा आणि १ लाख डॉलर दंड झाला. ठेवीदारांची दिशाभूल करणे आणि इतरांच्या वाट्याचे व्याज काउंटीच्या खात्याकडे वळवणे, हे त्या गुन्ह्यांचे स्वरूप होते. स्वतःच्या खिशात त्यांनी काही घातल्याचे मात्र आढळले नाही. मला हे चोरीपेक्षा अधिक भयंकर वाटते, कारण चोराला पकडण्यासाठी लेखापरीक्षक असतो. प्रामाणिकपणे, आत्मविश्वासाने आणि सर्वांच्या टाळ्या घेत दुसऱ्यांचा पैसा पणाला लावणाऱ्या माणसाला वेळीच रोखणारी यंत्रणा त्या काउंटीत नव्हती.

उरलेले मुद्दे थोडक्यात उरकतो. शाळा आणि पोलीस ठाणी बंद पडली नाहीत; नवव्या प्रकरणाखाली दिवाळखोर संस्था मोडीत निघत नाही, धनकोंना थोपवून कर्जाची फेररचना करते. नोकरकपात मात्र झाली, आणि सेवांना कात्री लागली ती प्रामुख्याने गरिबांच्या सेवांना, असे बाल्डासारे नोंदवतात. म्हणजे गरिबांनी काउंटी बुडवली नाही, बुडालेल्या काउंटीचा भुर्दंड त्यांनी भरला. वॉशिंग्टनने किंवा राज्याने पैसे ओतले नाहीत. जबर कर तर सोडाच, विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवण्याचा 'मेझर आर' हा प्रस्ताव २७ जून १९९५ला मतदानास आला तेव्हा सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो फेटाळला. काउंटीने वाहतुकीसाठीचा स्थानिक महसूल आपल्याकडे वळवला, १९९६च्या जूनमध्ये ८८ कोटी डॉलरचे रोखे काढून ती दिवाळखोरीतून बाहेर पडली, सिट्रन यांना रोखे विकणाऱ्या मेरिल लिंच या वॉल स्ट्रीटच्या पेढीने १९९८ साली ४० कोटी डॉलर देऊन दावा मिटवला, आणि या प्रकरणातून आलेले कर्ज फिटायला २०१७ साल उजाडले. मी इथे राहायला आलो तेव्हा सिट्रन यांना पद सोडून नऊ वर्षे झाली होती, तरी पुढची चौदा वर्षे काउंटीच्या तिजोरीतून त्यांच्या जुगाराचे हप्ते जात राहिले.

सरकारांवर निवृत्तिवेतनासारखा देण्याचा बोजा साचतो आणि तो कधीतरी अंगावर येतो, ही मजकुरामागची भीती अगदीच निराधार नाही. २०१३ साली डेट्रॉइट शहर बुडाले तेव्हा तो बोजा हा मोठा मुद्दा होता. पण मग डेट्रॉइटचे उदाहरण द्यावे. ऑरेंज काउंटी त्याजागी बसवू नये. त्याचप्रमाणे, १९९५ साली व्याजदर पुन्हा उतरले, त्यामुळे धीर धरला असता तर तोट्याचा मोठा भाग भरून आला असता, असे म्हणणारे अभ्यासक आहेत आणि त्यांच्या आकड्यांत तथ्य आहे. मात्र तारण ज्याच्या हातात असते तो धीर धरत नाही, आणि शिक्षकांचा पगार पुढच्या वर्षी व्याजदर उतरेपर्यंत थांबत नाही.

या प्रकरणानंतर कॅलिफोर्नियाने कायदा कडक केला आणि सार्वजनिक निधीसाठी तारणावर कर्ज काढण्याला निधीच्या शेकडा २० एवढी मर्यादा घातली. खजिनदाराने पाळायचा क्रम कायद्यातच लिहिलेला आहे : आधी मुद्दलाची सुरक्षितता, मग हवा तेव्हा पैसा हाती येण्याची सोय आणि परतावा सर्वांत शेवटी. सांगलीच्या सोसायटीला कॅलिफोर्नियाचा कायदा लागू नाही, पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०चे कलम ७० लागू आहे आणि संस्थेने आपला निधी कुठे गुंतवावा हे त्यात सांगितलेले आहे. मामांना मी तेवढेच कळवले आहे, की प्रस्ताव सभेत मांडण्यापूर्वी ते कलम सर्वांसमोर वाचावे, ती योजना त्यात कुठे बसते हे विचारावे, आणि जादा दोन टक्के कोणत्या जोखमीच्या बदल्यात मिळणार आहेत ते योजना घेऊन येणाऱ्या गृहस्थांकडून लेखी घ्यावे. सभा येत्या रविवारी आहे.